कोकणचा पाऊस पाहायला जाताना: मुक्काम, भरती, कातळ आणि चिखल

पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे उन्हाळ्यातल्या सहलीचाच बेत सोबत नेणं. चार दिवसांत सहा किनारे, तीन देवळं आणि दोन किल्ले. जुलैत हा बेत दुसऱ्याच दिवशी मोडतो. घाटात दरड येते, फेरी बंद असते, किल्ल्याकडे जाणारी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. मग लोक खोलीत बसून पावसाला दोष देतात. खरं तर या दिवसांत पाहायचा असतो तो पाऊसच, आणि तो एका घरी तीन-चार दिवस मुक्काम केला तरच दिसतो. पुढचं सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

केव्हा जायचं

मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो, ही हवामान खात्याची सरासरी तारीख. सरासरीवर तिकिटं काढू नयेत. २०२५ मध्ये पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला होता. पाऊस सुरू झाला तरी पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवस तो दडी मारू शकतो, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा बेभरवशाचा धरा.

कोकणात अजून नक्षत्रांवर पाऊस मोजतात, आणि बेत आखायला ही पद्धत फार सोयीची आहे, कारण सूर्यनक्षत्रांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात. ७-८ जूनला मृग लागतो. तेव्हा गडगडाट, विजा, मातीचा वास आणि पेरणी. २१-२२ जूनला आर्द्रा. ५-६ जुलैला पुनर्वसू, म्हणजे तरणा पाऊस, आणि १९-२० जुलैला पुष्य, म्हणजे म्हातारा पाऊस. या दोन नक्षत्रांत पावसाचा सगळा जोर असतो. ऑगस्टमध्ये आश्लेषा आणि मघा, तेव्हा ऊन-पावसाचा खेळ. ३० ऑगस्टच्या सुमाराला पूर्वा, मग उत्तरा, आणि २७ सप्टेंबरला हस्त, ज्याला गावात हत्ती म्हणतात. हत्तीचा पाऊस दुपारनंतर, विजांसह येतो.

धो-धो पाऊस, भरलेले वहाळ (ओढे) आणि लावणी पाहायची असेल तर जुलैचे पहिले तीन आठवडे. फुलं, धबधबे आणि मधूनमधून उघडीप हवी असेल, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर १५ ऑगस्टनंतरचे दिवस. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हा दुसरा काळ निवडावा. फक्त गणेशोत्सवाचा आठवडा टाळा. तेव्हा चाकरमानी गावी येतात, घरं भरलेली असतात, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडताच संपतं.

जायचं कसं

रात्रीचा घाट आणि पाऊस ही जोडी टाळायची असेल तर रेल्वेने जा, तीही दिवसाच्या गाडीने. मांडवी एक्स्प्रेस किंवा जनशताब्दी यासाठी चांगल्या. मुंबईकडून निघाल्यावर डाव्या हाताची खिडकी मागा, सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा त्या बाजूला असतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. या काळात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, आणि पावसाने पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरवर आणतात. त्यामुळे उतरल्यावर लगेच दुसरी गाडी पकडायचा बेत करू नका, मध्ये निदान तीन तास ठेवा.

स्टेशनपासून गाव बरेचदा लांब असतं. राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून दूर आहे. ज्या घरी उतरणार आहात त्यांनाच रिक्षा सांगून ठेवायला लावा. एसटीने जाणार असाल तर वस्तीच्या गाडीची वेळ विचारा. संध्याकाळी तालुक्याहून निघून गावात रात्री थांबणारी आणि पहाटे परत जाणारी ही गाडी आतल्या गावांना जोडणारा खात्रीचा धागा असतो.

स्वतःची गाडी नेत असाल तर घाट दिवसाउजेडी उतरा, सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान. वरंध घाट पावसाळ्यात बरेचदा बंद ठेवतात. कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली यांपैकी कोणता चालू आहे हे निघायच्या दिवशी सकाळी विचारून घ्या. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. वायपरची रबरं जूनआधी बदला. मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबा, मग ते घोट्याएवढं का दिसेना. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला आहे, हे वरून कळत नाही.

मुक्काम कुठे आणि कोणत्या घरात

समुद्राला चिकटलेलं गाव आणि घाटाच्या पायथ्याचं गाव यांतला पाऊस वेगळा. किनाऱ्यावर तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, पायथ्याशी सरळ आणि जास्त वेळ पडतो. अर्धे दिवस एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे, असं दोन मुक्कामांचं गणित उत्तम. गुहागर किंवा देवगड तालुक्यातलं किनाऱ्याचं गाव, आणि मग संगमेश्वर, देवरुख किंवा वैभववाडीच्या बाजूचं आतलं गाव.

खोली ठरवताना तीन गोष्टी फोनवरच विचारा. पहिली, घराला पडवी आहे का आणि तिला झापं (विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री बांधली आहे का. कोकणात पाऊस छपरातून कमी आणि बाजूने जास्त घरात शिरतो, त्याला झड म्हणतात. झड अडवलेली पडवी असली की दिवसभर पावसासमोर कोरडं बसता येतं. दुसरी, वीज गेल्यावर पाण्याची सोय काय. पंपावर अवलंबून असलेलं घर दोन दिवस अंधारात गेलं तर नळ कोरडे पडतात. विहीर आणि रहाट असलेलं, चुलीवर किंवा बंबात पाणी तापवणारं घर बरं. तिसरी, घर नदीच्या किंवा खाडीच्या पातळीवर आहे की वर.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, कोदवली या नद्या लांबीने छोट्या आणि उताराने तीव्र आहेत. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत खाली पोचतं. त्याच वेळी समुद्राला भरती असली तर खाडीचं तोंड भरलेलं असतं, पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही आणि ते बाजारपेठेत पसरतं. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापुराने वेढलं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली. म्हणून पेठेतल्या तळमजल्याची खोली नको, आणि तीव्र डोंगरउताराला खेटलेलं घरही नको. डोंगरात नव्या भेगा दिसल्या, झाडं किंवा विजेचे खांब कलले, किंवा झऱ्याचं स्वच्छ पाणी अचानक लाल-गढूळ झालं, तर सामान आवरण्यात वेळ न घालवता गावकऱ्यांना सांगून तिथून निघायचं.

पिशवीत काय

छत्री न्या, पण ती गावात फिरण्यापुरती. किनाऱ्यावर आणि सड्यावर वारा ती उलटी करतो, तिथे गुडघ्याखालपर्यंत येणारा रेनकोटच चालतो. जीन्स नेऊ नका, या हवेत ती तीन दिवस वाळत नाही. पातळ पॉलिस्टरचे किंवा टेरिकॉटचे कपडे, रोजचा एक जोड आणि वर दोन. पायात रबरी तळाच्या, पट्ट्याच्या सॅंडल. चामडं दोन दिवसांत बुरशी धरतं आणि बंद बुटात पाणी साचून बोटांमध्ये चिखल्या होतात. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल तेल लावा.

बाकी सामान थोडकंच आहे, पण त्याशिवाय अडतं: माणशी एक विजेरी, भरलेली पॉवर बँक, रोजच्या औषधांचा आठवडाभराचा साठा, मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी (रानात जळवा सोडवायला), आणि रोख पैसे. वीज गेली की काही तासांत मोबाइलचा मनोराही बंद पडतो आणि फोनवरून पैसे देता येत नाहीत. कॅमेरा असेल तर तो वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढू नका, काचेच्या आतून बाष्प धरतं. पिशवीतच अर्धा तास पडवीत ठेवा आणि मग उघडा.

समुद्र: तिथी पाहून आणि लांबून

कोकणात भरती-ओहोटीसाठी एक जुना हिशेब आहे, तो पाठच करून टाका. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती, म्हणून ही वेळ दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेनुसार अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहावं. पण पडवीत बसून बेत आखायला पाऊणपट पुरते.

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण येतं, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. पावसाळी समुद्राचं रूप पाहायचं तर उधाणाचे दिवस निवडा आणि भरतीच्या अर्धा तास आधी उंच जागी पोचा. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढावरचा रस्ता, रत्नदुर्गाची तटबंदी, वेळणेश्वरच्या वरचा उतार या चांगल्या जागा. इथून लाटेची संपूर्ण रांग दिसते. आधी दूरवर एक काळपट पट्टा उचलतो, मग त्याच्या कडेला वारा फेसाची झालर ओढतो, आणि किनाऱ्यापासून बऱ्याच आतच लाट फुटते, कारण पावसाळी समुद्राने किनाऱ्याची वाळू ओढून आत बांध घातलेला असतो.

या वाळूच्या बांधामुळेच पाण्यात उतरायचं नाही. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी बांधातल्या खिंडीतून वेगाने परत जातं. वरून पाहिलं तर तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि मातकट दिसतं, आणि अनोळखी माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजतो. गुडघाभर पाण्यातसुद्धा पायाखालची वाळू सरकते. उत्तम पोहणाऱ्यालाही हे लागू आहे. कोणी ओढला गेलाच तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, अंग तरंगत ठेवावं आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं. काठावरच्यांनी मागोमाग उडी न घेता दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ पावसाळ्यातच पाहावी, पण तिथे शिस्त पाळावी लागते. उमामहेश्वराच्या देवळापलीकडे खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात कोंबली जाते आणि पाण्याचा स्तंभ उसळून वर येतो. उन्हाळ्यात कोरडा खडक कुठे संपतो हे पाहून उभं राहता येतं. पावसात सगळाच खडक ओला, त्यामुळे लाट कुठवर येते याची खूणच नाहीशी होते. म्हणून जिथे माती आणि गवत टिकून आहे त्याच्या पुढे पाऊल टाकू नका, आणि आधी वीस मिनिटं लांबून बघा. लाटा सारख्या नसतात, मध्येच एखादी बरीच मोठी येते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पावसाळ्यात उतरूच नये.

मुरुड-जंजिरा, सिंधुदुर्ग किल्ला आणि समुद्री खेळ पावसाळ्यात, साधारण ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असतात. खाडी ओलांडणाऱ्या दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेऱ्या हवामान पाहून चालतात. विजयदुर्ग मात्र रस्त्याने पोचता येणारा किल्ला.

सडा आणि कातळ

गावाच्या वर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला सडा म्हणतात. मेमध्ये इथे अनवाणी पाय ठेववत नाही. ऑगस्टमध्ये त्याच दगडावर इंच-दोन इंच मातीत हिरवळ, खळग्यांत पाणी, आणि त्या पाण्याकाठी फुलं. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं लांबून गालिच्यासारखी दिसतात, पण ती गुडघ्यावर बसून पाहायची. देठ दोऱ्याएवढा, फूल नखाएवढं. कातळावरच्या मातीत नत्र कमी असतं, ते मिळवायला ही वनस्पती मातीतल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये बारीक जीव पकडते. शेजारीच गेंदाचे पांढरे गोळे आणि दवबिंदूची तांबूस, चिकट पानं सापडतात. एका ठिकाणी स्थिर बसून दोन हात जागेकडे अर्धा तास पाहणं हीच इथली पद्धत. सगळीकडे हिंडलात तर पायाखाली चिरडाल आणि दिसणार काहीच नाही.

सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ चांगली. हिरव्या-काळ्या शेवाळावर पाय पडला की माणूस आडवा होतो, म्हणून गवताच्या पट्ट्यातून चाला आणि पाऊल पूर्ण टेकवून टाका. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यात ती पाण्याखाली किंवा शेवाळात असतात. ती दिसावीत म्हणून घासू नका, खडूने रेघाही ओढू नका. जून आणि ऑक्टोबरात दुपारनंतर सड्यावर थांबू नये. विजेला तिथे तुमच्याएवढं उंच दुसरं काही नसतं.

जांभ्याच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत) फुरसं (विषारी साप) राहतं. आखूड, मातकट, पटकन न दिसणारं. गडग्याच्या फटीत हात घालू नका, अंधारात विजेरीशिवाय अंगणातही जाऊ नका. चावलंच तर आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही. अंगठी-पैंजण काढा, तो हात किंवा पाय मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा, वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करून थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.

लावणी

जुलैत खाचरांतून हिंडताना मळ्यात काय चाललंय हे कळलं तर पाऊस वेगळाच दिसतो. दाढीवर (रोपांच्या वाफ्यावर) पेरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, २१ ते २५ दिवसांचा झाला की उपटतात, मुळं पाण्यात झोडून माती काढतात आणि मुठी बांधतात. तोवर खाचरात चिखलणी झालेली असते. मग ओळीने, मागे सरकत लावणी. एका चुडात दोन-तीन रोपं, अंगठा आणि दोन बोटांनी, पेरभर खोल. जास्त खोल गेलं तर फुटवे कमी येतात, वरवर लावलं तर पुढच्या सरीला रोप तरंगतं. चुडांमधलं अंतर साधारण वीतभर किंवा थोडं कमी.

हात लावायची इच्छा असेल तर घरच्यांना आदल्या दिवशी विचारा. लावणीचे दिवस मोजके असतात आणि माणसं कमी, त्यामुळे नुसतं फोटोपुरतं उतरणं त्यांना जड जातं. उतरलात तर निदान एक खाचर पूर्ण करा. बांधाच्या मधोमध चाला, कडेला पाय दिला तर बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. पायाला किंवा हाताला कापलेलं असेल तर चिखलात उतरू नका. उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस याच वाटेने शरीरात शिरतो.

धबधबे

सवतसडा, मार्लेश्वर, सावडाव, नापणे, आंबोली. नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून शनिवार-रविवारी जाऊ नका. आंबोलीत सकाळी आठच्या आत पोचलात तर धबधबा आणि तुम्ही एवढेच असता. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रात्री तिथल्या जाणत्या वाटाड्याबरोबर विजेरी घेऊन निघालात तर झाडावरचे हिरवे उडते बेडूक आणि फांदीला वेढा घालून बसलेला चापडा (विषारी साप) दिसू शकतो.

धबधब्याखाली उभं राहायचं असेल तर वरच्या बाजूला काळे ढग नाहीत ना, ते पाहा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली किंवा आवाज जड झाला, तर वस्तू तिथेच टाकून बाजूला चढा. जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली असेल तर ती पाळा.

पाऊस मोजा

सरळ भिंतींचा एक डबा घ्या. बालदी नको, तिचं तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्याने आकडा फुगतो. झाडापासून आणि छपरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, दोन दगडांमध्ये घट्ट ठेवा. सकाळी साडेआठला पट्टी उभी बुडवून मिलिमीटर वाचा, हवामान खात्याचा दिवसही त्याच वेळी बदलतो. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. तीन दिवस हे केलंत की पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा म्हणजे काय हे अंगणातच समजतं. लाल इशाऱ्याच्या दिवशी घर सोडायचं नाही.

खायचं काय

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ. या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका. सोड्यांचं कालवण, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, खाडीतले खेकडे, कुळथाची पिठी आणि गरम भात मागा. रानभाज्यांचाही आपला क्रम आहे. आधी शेवळं, मग कोवळा टाकळा आणि फोडशी, नंतर भारंगी, आणि जुलै-ऑगस्टात कंटोळी. टाकळा फुलावर यायच्या आत, आठळ्या घालून. शेवळं आणि अळू यांना आंबट घालतात आणि पुरतं शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. अळंबी स्वतः वेचून खाऊ नये, गावातल्या ओळखणाऱ्यानेच आणलेली असावी. ऑगस्टात हळदीच्या पानातले पातोळे मिळाले तर पान उकलताना येणारी वाफ आधी घ्या.

परतल्यावर

ओले कपडे पिशवीत एक रात्रही राहू देऊ नका, बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पिशवी उलटी करून झटका, तळाशी जळू किंवा गोम येऊ शकते. दोन ते तीन आठवडे तब्येतीवर लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं असं दिसलं तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जा, आणि खाचरातल्या चिखलात उतरलो होतो हे त्यांना आपणहून सांगा.